चौथ्या मजल्यावरचं अकर्मक क्रियापद

दिंडोशीच्या सुप्रभात सोसायटीत, बी विंगमध्ये, लिफ्टच्या दाराची काच तीन तारखेला दुपारी सव्वादोन वाजता फुटली, अशी सोसायटीच्या दप्तरात नोंद आहे. तारीख आणि वेळ यांच्या बाबतीत ही नोंद बिनचूक आहे. क्रियापदाच्या बाबतीत मात्र ती साफ चुकीची आहे, आणि ही गोष्ट साऱ्या सोसायटीत फक्त चौथ्या मजल्यावरच्या कुंडलिक गांगुर्डे यांना ठाऊक होती.

झालं होतं ते असं. गांगुर्ड्यांच्या घरघंटीतून ज्वारीचं पीठ कमी आणि आवाजच जास्त येऊ लागला होता. ती दुरुस्तीला टाकायची होती. नंदाबाई मुलुंडला बहिणीकडे जाताना बजावून गेल्या होत्या, "अहो, एकट्याने हलवू नका हं ती. मी आले की वॉचमनला बोलावू." एखादी गोष्ट एकट्याने करू नका असं बायकोने सांगितलं, की टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला ती एकट्यानेच करावीशी वाटते. घरघंटीला चाकं होती. कुंडलिकरावांनी ती ढकलत लिफ्टपर्यंत आणली, दार उघडल्यावर जरा जोर लावला, आणि उंबऱ्याशी अडकलेलं चाक अचानक मोकळं झालं. घरघंटी आपल्या मनाने तिरकी गेली आणि दारातल्या उभ्या काचेवर आदळली. काचेला खालपासून वरपर्यंत तडे गेले. दार अर्ध्यापर्यंत यायचं आणि परत जायचं. कुंडलिकरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, घरघंटी उलट्या पावली घरात नेली, जागेवर ठेवली, तिच्यावर चादर टाकली आणि पेपर वाचत बसले.

संध्याकाळी नंदाबाई चार मजले चढून धापा टाकत आल्या. "लिफ्टला काय झालं?"

"काच फुटली," कुंडलिकराव म्हणाले.

आता यात ते खोटं बोलले असं कुणाला म्हणता येणार नाही. काच फुटलीच होती. मराठी ही मोठी समजूतदार भाषा आहे. तिच्यात कप फुटतो, दूध उतू जातं, किल्ली हरवते, साखर सांडते. त्या घरात कुणी माणसं राहतात की नाही याचा पत्ताच लागत नाही.

"मग घरघंटी राहिलीच का न्यायची?"

"लिफ्ट बंद आहे ना," कुंडलिकराव म्हणाले. हेही खरंच होतं.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण लिफ्ट होती जपानी कंपनीची आणि सोसायटीचा सेक्रेटरी होता नितेश पारकर. नितेश हा हातात घेतलेलं काम तडीस नेणारा माणूस आहे. कामाची इच्छा असो वा नसो. त्याने कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात फोन केला, तक्रारीचा नंबर घेतला, दुसऱ्या दिवशी तो नंबर रद्द झाल्याचं ऐकलं, तिसऱ्या दिवशी नवा नंबर घेतला. चौथ्या दिवशी तिथला अनिरुद्ध नावाचा गोड आवाजाचा मुलगा म्हणाला, "सर, दाराचं काम आहे म्हणजे सेफ्टी मॅटर आहे. अप्रूव्हल जपानहून लागतं. तुम्ही डायरेक्ट जपानीत लिहिलंत ना सर, तर खूप फास्ट होईल."

नितेशला चटकन 'जपानी काका' आठवले. गांगुर्ड्यांची रश्मी चार वर्षं नागोयाला नोकरीला आहे. जावई जपानी निघालाच तर बोलायची पंचाईत नको, म्हणून कुंडलिकरावांनी पार्ल्याच्या एका क्लासात जपानीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. पैकी दुसरीत ते पास झाले होते. पहिलीबद्दल ते बोलत नसत. सोसायटीत मात्र त्यांचा दबदबा होता. दिवाळीच्या कार्यक्रमात ते दरवर्षी जपानीत शुभेच्छा देत आणि लोक टाळ्या वाजवत. त्यात काही चुकलं असलं तर ते सांगायला दिंडोशीत कुणी नव्हतं.

नितेश इंग्रजी पत्र घेऊनच आला. "काका, कमिटीने मंजूर केलेला मजकूर आहे. स्टॅम्प मारलाय. ह्याचंच भाषांतर पाहिजे. एक शब्द इकडचा तिकडे नको, नंतर कोणी ऑब्जेक्शन घेतं."

पत्र तीन ओळींचं होतं. त्यातल्या पहिल्याच ओळीत म्हटलं होतं, की तीन तारखेला द डोअर ग्लास ब्रोक.

कुंडलिकरावांनी शब्दकोश उघडला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. इंग्रजांचं सगळं एका 'ब्रोक'वर भागतं. जपानी माणूस तसा भागवून घेत नाही. काच किंवा बशी असेल तर वारेरु, काठी असेल तर ओरेरु, दोरी असेल तर किरेरु, कागद असेल तर याबुरेरु आणि यंत्र असेल तर कोवारेरु. कुंडलिकराव बराच वेळ त्या पाच शब्दांकडे पाहत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की हे पाचही आपल्या ओळखीचे आहेत. फुटणं, मोडणं, तुटणं, फाटणं, बिघडणं. मराठीच्या घराला पाच दारं, जपानीच्या घराला पाच दारं, आणि मधे हा इंग्रजीचा एकच बोळ. पण कमिटीचा स्टॅम्प बोळावर होता, त्यामुळे बोळातूनच जाणं भाग होतं.

खरी अडचण पुढेच होती. या पाचांपैकी प्रत्येकाला एक जुळा भाऊ होता. वारेमाशिता म्हणजे फुटली. वारिमाशिता म्हणजे फोडली. फरक एका अक्षराचा. 'रे'च्या जागी 'रि' आलं, की लगेच वाचणारा विचारणार, कुणी?

त्यांनी रश्मीला फोन लावला. "रश्मी, काच ब्रोक झाली, याला काय लिहू?"

"पप्पा, ब्रोक सोडा. फुटली की कोणी फोडली? जपानीत ते आधी ठरवावं लागतं."

"हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय गं," म्हणून कुंडलिकरावांनी फोन ठेवला. आवाज अर्थातच तुटत नव्हता, तोडला होता.

एव्हाना बातमी विंगभर झाली होती की जपानी काका एका शब्दासाठी अडलेत. सल्ला द्यायला माणसं जिने चढून येऊ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या माधुरीताई म्हणाल्या, 'फुटली' फार अशुभ वाटतं, 'वाढवली' असा जपानी शब्द बघा. आम्ही बांगडी वाढवली म्हणतो. प्रांजल नावाच्या कॉलेजकन्येने मोबाइलला विचारलं, तर त्याने जपानीत असं काही सांगितलं की ते परत मराठीत आणल्यावर 'लिफ्ट कंगाल झाली आहे' असं निघालं. पाचव्या मजल्यावरचे धम्मपाल इंगळे सर तीस वर्षं व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. ते आले, 'जय भीम' करून बसले आणि चहा येईपर्यंत डोळे मिटून विचार करत राहिले.

"गांगुर्डे, 'काच फुटली.' क्रियापद अकर्मक. कर्ता कोण?"

कुंडलिकरावांनी बशी खाली ठेवली. "कोण?"

"काच! फुटण्याची क्रिया काच करते. म्हणून काच हाच कर्ता. व्याकरणाच्या दृष्टीने इतर कोणाचाही संबंध नाही."

कुंडलिकरावांना इतकं हलकं आजवर कुठल्या धड्याने वाटलं नव्हतं. त्यांनी सरांना आग्रह करून आणखी दोन खारी खायला घातल्या.

तरीही शब्दावर एकमत होईना. सहाव्या मजल्याचं म्हणणं, दार बंद होत नाही म्हणजे 'बिघडली' घ्या. पहिल्या मजल्याला लिफ्ट लागतच नसल्याने त्यांचं म्हणणं सगळ्यांत ठाम होतं. अखेर नितेशने पार्किंगमध्ये विशेष सभा बोलावली आणि जपानी अकर्मक क्रियापदाच्या निवडीवर हात वर करून मतदान झालं. एखाद्या गृहनिर्माण संस्थेत असं मतदान याआधी कुठे झालं असेल असं वाटत नाही. 'वारेरु'ला एकोणीस मतं पडली, 'कोवारेरु'ला सात. एकजण तटस्थ राहिला. ते कुंडलिकराव होते.

सभा चालू असताना सातव्या मजल्याच्या खिडकीतून नलिनीकाकू घाडीगावकरांचा आवाज आला होता, "अरे, काच फुटली काय कोणी फोडल्यान, ता तरी बघलात?" पण हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे तो कुणी घेतला नाही.

या नलिनीकाकूंचं काय ते सांगायला हवं, कारण खरा गळफास तिथे होता. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्याची तारीख तीन महिने थांबून चोवीस तारखेची मिळाली होती. ती चुकली की पुन्हा रांगेत शेवटी. नात प्रांजल आणि त्या, दोघीच राहायच्या. नितेशने सुचवलं, चौघंजण खुर्चीतून उचलून खाली नेऊ. काकू भडकल्या. "चौघांनी उचलून न्हेवक मी काय मेलंय?" म्हणाल्या. विषय संपला.

कुंडलिकरावांना हे सगळं ऐकू येत होतं आणि जेवण जात नव्हतं. मग त्यांनी एक मार्ग काढला. रोज सकाळी ते काकूंचं दूध, पेपर, भाजी आणि शुक्रवारी बांगडे घेऊन सातव्या मजल्यावर चढू लागले. वर काकू त्यांना पाणी देत आणि एका डोळ्याने कौतुकाने बघत म्हणत, "तुझ्यासारखो माणूस मिळूचो नाय रे." कुंडलिकराव खाली मान घालून उतरत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा पिशव्यांसकट फोटो आला आणि त्याला बेचाळीस नमस्कार पडले. नंदाबाई म्हणाल्या, "सत्तावीस वर्षांत माझ्यासाठी कधी कोथिंबिरीची जुडी आणली नाहीत." या वाक्यात संशय होता की दुःख, हे कुंडलिकरावांना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

इकडे काचेच्या फोटोंसकट 'वारेमाशिता' जपानला पोचलं. उत्तर दोन दिवसांत आलं. कंपनीने आधी माफी मागितली, मग पुन्हा माफी मागितली आणि मग कळवलं, की काच आपणहून फुटणं ही अत्यंत गंभीर बाब आहे. तिच्याबरोबर बनलेल्या सगळ्या काचा संशयास्पद ठरतात. तज्ज्ञांचं पथक पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला येईल. तोवर लिफ्टला कुणी हात लावू नये, आणि खबरदारी म्हणून ए आणि सी विंगच्या लिफ्टही बंद ठेवाव्यात. त्याच दुपारी अनिरुद्ध आला आणि तिन्ही लिफ्टना लाल पट्ट्या चिकटवून गेला. "सर, इतका फास्ट रिस्पॉन्स मी कधी पाहिला नव्हता," तो जाताना म्हणाला.

एका अकर्मक क्रियापदाने तीन इमारती जिन्यावर आणल्या. ए विंगचे लोक बी विंगच्या लोकांशी बोलेनासे झाले. सी विंगमधल्या एका गृहस्थांनी गेटवर कुंडलिकरावांना अडवून विचारलं, "तुम्हाला जपानी येतं ना नक्की?" कुंडलिकराव चिडले. माणसाने त्यांना अपराधी म्हटलं असतं तर एक वेळ त्यांनी सोसलं असतं, पण व्याकरणावर शंका त्यांना सहन होईना. घरी येऊन त्यांनी तडकाफडकी दुसरं पत्र लिहिलं: काच फुटली असं म्हणण्यापेक्षा दार बिघडलं, कोवारेमाशिता, असं समजावं.

त्यावर जपानहून चौदा प्रश्नांचा तक्ता आला. काच बिघडत नसते, तेव्हा बिघडलं आहे ते काचेपलीकडचं काहीतरी आहे हे आपण निदर्शनास आणून दिलंत, आभारी आहोत, आता पूर्ण लिफ्ट उतरवून तपासावी लागेल. नितेशने तक्ता पाहिला, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "वाट लागली ना काका! आता तिसरं क्रियापद नका काढू, प्लीज. ते बिल्डिंगच पाडायला सांगतील."

आणि तरीही, किंवा म्हणूनच, वीस तारखेच्या सभेत कुंडलिकरावांचा सत्कार ठेवला गेला. लोक लिफ्टवरून इतके खवळले होते की कमिटीला काहीतरी गोड विषय हवा होता. 'वयोवृद्ध रहिवाशाची निःस्वार्थ सेवा' असा मथळा नितेशने स्वतः लिहिला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. शाल आली, नारळ आला. नलिनीकाकूंना खाली येता येत नव्हतं म्हणून प्रांजलने मोबाइलवर त्यांचा चेहरा सगळ्यांना दिसेल असा धरला. काकूंनी सत्कारासाठी नवं लुगडं नेसलं होतं. ते मोबाइलमध्ये फक्त खांद्यापर्यंत दिसत होतं, तरी नेसलं होतं.

शाल खांद्यावर पडायच्या बेतात होती तेवढ्यात नितेशच्या फोनवर जपानचं पत्र आलं. ओगावा नावाच्या इंजिनीअर बाईंचं. नितेशने सत्कार अर्ध्यात थांबवून फोन कुंडलिकरावांच्या हातात दिला. "वाचा काका, सगळ्यांसमोर वाचा."

पत्र छोटं होतं आणि अगदी सोप्या जपानीत होतं. बाईंनी समोरच्याची पायरी ओळखून लिहिलं असावं. फोटोतले तडे खालच्या कोपऱ्यातून सुरू झाले आहेत. म्हणून फक्त एक विचारते. काच फुटली की कोणी फोडली? चूक कोणाची हे शोधायचं नाही. दुरुस्ती कशी करायची ते ठरवायचं आहे.

साठ माणसं कुंडलिकरावांच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या साठांत ते पत्र वाचता येणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी तिथे काहीही वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं. पथक लवकर येतंय म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. त्यांना तशी बुद्धी झालीही. मग त्यांची नजर प्रांजलच्या हातातल्या मोबाइलवर गेली. काकू त्यात डोळा बारीक करून, उत्सुकतेने, कुठेतरी भलतीकडेच बघत होत्या. आजपासून चौथ्या दिवशी तारीख होती. कुंडलिकरावांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"वाताशि गा वारिमाशिता," ते म्हणाले.

सभेने कडाडून टाळ्या वाजवल्या. "झकास!" मागून कुणीतरी ओरडलं. इंगळे सरांनी उच्चारांना मान डोलावली. माणसाने आयुष्यात एकदा धीर करून कबुली द्यावी आणि लोकांनी तिला दिवाळीच्या शुभेच्छा समजावं, याहून वाईट काय असणार? कुंडलिकरावांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या.

"मराठीत सांगतो. त्यांनी विचारलंय, फुटली की फोडली. फोडली. मी फोडली. घरघंटी नेताना."

नितेश शाल हातात धरून तसाच उभा राहिला. ती घालावी की घडी करावी याबद्दल उपविधींत काही तरतूद नव्हती. नंदाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "एकट्याने हलवू नका म्हटलं होतं ना?" साठ माणसांत त्यांना एवढंच खटकलं होतं.

मोबाइलमधून काकूंचा आवाज आला. "मगे इतके दिवस बोललंस कित्याक नाय?"

"शब्द सापडत नव्हता, काकू," कुंडलिकराव म्हणाले. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला शाल मिळाली असती तर बरं झालं असतं.

मग एक विचित्र गोष्ट घडली. इंगळे सर उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, की वाचनालयाच्या कपाटाचं दार जे गेल्या वर्षी निखळलं, ते निखळलं नव्हतं. ते त्यांनी ओढलं होतं. माधुरीताई म्हणाल्या, कुंडीतलं चाफ्याचं रोप सुकलं नाही, मी साबणाचं पाणी ओतत होते. सी विंगच्या त्या गृहस्थांनी गेटच्या आरशाबद्दल काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. ही लाट व्यासपीठाच्या दिशेने येते आहे हे पाहून नितेशने घाईघाईने सभा संपल्याचं जाहीर केलं.

कुंडलिकरावांनी तिथेच बसून ओगावाबाईंना उत्तर लिहिलं. एकच ओळ, एकच क्रियापद, आणि सुरुवातीला 'मी'. चाळीस मिनिटांत जपानहून आभाराचं पत्र आलं. बाहेरून धक्का लागलेला असल्यामुळे पथकाची गरज नाही, ए आणि सी विंग ताबडतोब सुरू कराव्यात, बी विंगची काच बदलून दाराची पट्टी सरळ करावी. काच अंधेरीच्या गोदामातच होती. बावीस तारखेला संध्याकाळी लिफ्ट चालू झाली. नितेशने दप्तरातली पहिली नोंद तशीच ठेवली, कारण मंजूर इतिवृत्तात खाडाखोड करता येत नाही.

चोवीस तारखेला सकाळी साडेसातला कुंडलिकराव सातव्या मजल्यावर गेले. काकू तयार होऊन बसल्या होत्या. लिफ्टमध्ये शिरल्यावर त्यांनी नव्या काचेला एकदा बोट लावून पाहिलं. कुंडलिकरावांनी हात पुढे केला तो त्यांनी धरला, तोही मनगटाशी, घट्ट, पळून जाऊ नये म्हणून धरतात तसा.

खाली गेटपाशी काकूंच्या रोजच्या बाकावर धाकू वॉचमनची बायको बसली होती. तीन आठवड्यांनी काकूंना बघून ती उठलीच. "अगो बाय! इलंस? खाली कोणी हाडल्यान गो तुका?"

काकूंनी कुंडलिकरावांचं मनगट तिच्यासमोर वर उचलून धरलं.

"ह्येनाच वर अडकवल्यान," त्या म्हणाल्या, "आणि ह्येनाच खाली हाडल्यान."